स्पॅनिशमध्ये 'सॉरी' आणि 'एक्सक्यूज मी': कुठे काय म्हणायचं

स्पॅनिशच्या पहिल्या दोन-चार धड्यांतच 'लो सिएन्तो' भेटतं. पुस्तकात समोर अर्थ लिहिलेला असतो 'सॉरी'. मग नवखा माणूस गर्दीतून वाट काढताना, वेटरला बोलावताना, रस्ता विचारताना सगळीकडे 'लो सिएन्तो' म्हणत सुटतो आणि समोरचा गोंधळतो. 'लो सिएन्तो'चा शब्दशः अर्थ 'मला ते जाणवतंय'. म्हणजे खरोखर वाईट वाटल्यावर म्हणायची ही गोष्ट. कुणाचं लक्ष वेधायला ती वापरणं म्हणजे दुकानात शिरून 'मला फार वाईट वाटतंय, साबण कुठे मिळेल?' असं विचारणं.

म्हणून शब्द पाठ करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: त्रास द्यायच्या आधी बोलतोय, देताना बोलतोय की देऊन झाल्यावर? आधी बोलत असाल तर 'दिस्कुल्पे', 'पेर्दोने' किंवा 'कोन पेर्मिसो'. धक्का लागला त्याच क्षणी 'पेर्दोन'. नंतर आणि मनापासून असेल तर 'लो सिएन्तो'. पुढचं सगळं या वाटणीवरच उभं आहे.

उच्चाराची काळजी फार करू नका. त, द, प, क हे स्पॅनिश उच्चार मराठीतल्यासारखेच आहेत: हवेचा झोत न सोडता, आणि त, द दातांना जीभ लावून. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'ट' आणि 'ड' सोडायला महिने लागतात, ते कष्ट आपल्याला नाहीत. फक्त 'व' लिहिलेला असला तरी उच्चार 'ब'च्या जवळ जातो, आणि जोर कुठे द्यायचा ते बघा. 'पेर्दोन'मध्ये जोर शेवटी, 'दोन'वर.

पायरी 1: आधी नमस्कार

लक्ष वेधायचं निम्मं काम नमस्कारानेच होतं. दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, लिफ्टमध्ये, लहान कचेरीत शिरताना 'ब्वेनोस दिआस' (सकाळी), 'ब्वेनास तार्देस' (दुपारी) किंवा 'ब्वेनास नोचेस' (अंधार पडल्यावर) म्हणायचं. वेळेचा घोळ होत असेल तर नुसतं 'ब्वेनास' चालतं, आणि ते अगदी तिथल्यासारखं वाटतं. स्पेनमध्ये 'दुपार' जेवणानंतर सुरू होते आणि जेवण दोन-अडीचला असतं, त्यामुळे साडेबाराला 'ब्वेनोस दिआस' ऐकू आलं तर दचकू नका.

आपल्याकडे दुकानदाराला थेट 'अर्धा किलो साखर द्या' म्हटलं तर कुणी रागवत नाही. कोलंबियात किंवा मेक्सिकोत नमस्कार न करता थेट मागणी केली तर माणूस उर्मट ठरतो, मग पुढे दहा वेळा 'पोर फाबोर' म्हटलं तरी. नमस्कार करून 'प्लीज' विसरलेला माणूस मात्र सहज माफ होतो.

पायरी 2: तू की तुम्ही

इथे मराठी माणसाला आयती मदत आहे. स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे 'तू'च. उच्चारही तोच, नातंही तेच. आदरार्थी 'तुम्ही'ला 'उस्तेद' म्हणतात. माफीचे शब्द या दोघांनुसार बदलतात:

तू: 'दिस्कुल्पा', 'पेर्दोना'
तुम्ही: 'दिस्कुल्पे', 'पेर्दोने'

आणि इथेच आपला पाय घसरतो. मराठीत 'माफ कर' एकेरी आणि 'माफ करा' आदराचं, म्हणजे शेवटी 'आ' आला की मान दिला असं आपल्या कानाला वाटतं. स्पॅनिशमध्ये या दोन क्रियापदांत उलट आहे: 'आ' एकेरी, 'ए' आदराचा. पोलिसाला अदबीने 'दिस्कुल्पा' म्हणणारे मराठी लोक त्याला नकळत 'ए, माफ कर रे' म्हणत असतात. अडलात तर 'पेर्दोन' म्हणा. ते नाम आहे, तू-तुम्हीच्या भानगडीत पडत नाही.

कुणाला काय म्हणायचं हे देशावर आहे. स्पॅनिश ही 20 देशांची राजभाषा आहे, त्यामुळे एकच नियम कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही, विशेषतः तरुणाला, सरळ 'तू' म्हणतात. बारमधला माणूस ग्राहकाला 'तू' म्हणतो आणि ग्राहक त्याला. तिथे 'उस्तेद' वृद्धांसाठी, न्यायालयात किंवा पोलिसांशी बोलताना राखून ठेवतात. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोताला, मित्रमैत्रिणीही एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना ऐकू येतात. मेक्सिकोत वडीलधारे, ग्राहक आणि अनोळखी मोठी माणसं 'उस्तेद'. अर्जेंटिना आणि उरुग्वेत 'तू'च्या जागी 'बोस' आहे. तिथे एकेरी 'दिस्कुल्पा' म्हणताना जोर शेवटच्या 'पा'वर जातो, एरवी तो 'कुल'वर असतो.

माझा सल्ला: लॅटिन अमेरिकेत सुरुवात 'उस्तेद'ने करा. समोरच्याला अवघड वाटलं तर तोच सांगेल. 'तू म्हणणे' यासाठी त्यांच्याकडे 'तुतेआर' असं स्वतंत्र क्रियापदच आहे, आणि 'प्वेदेस तुतेआर्मे' म्हणजे 'मला अरेतुरे केलंस तरी चालेल'. उलट दिशेने, आधी 'तू' आणि मग घाईघाईने 'तुम्ही', हा प्रवास लाजिरवाणा असतो.

अनेक लोक असतील तर 'दिस्कुल्पेन' किंवा 'पेर्दोनेन'. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'पेर्दोनाद' म्हणतात, पण ते नंतर शिकलात तरी चालेल.

पायरी 3: अनोळखी माणसाला थांबवणे

रस्त्यावर कुणाला विचारायचं असेल तर लॅटिन अमेरिकेत 'दिस्कुल्पे', स्पेनमध्ये 'पेर्दोने' किंवा 'पेर्दोना' जास्त ऐकू येतं. दोन्हीकडे दोन्ही समजतात. गोव्यात पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या पिढीला 'दिस्कुल्पे' परका वाटणार नाही, पोर्तुगीजमध्ये जवळजवळ हाच शब्द आहे.

त्यानंतर लगेच प्रश्न: 'दिस्कुल्पे, दोंदे केदा ला एस्तासिओन?' म्हणजे 'स्टेशन कुठे आहे?' स्पेनमध्ये 'केदा'ऐवजी 'एस्ता' म्हणा. जास्त नम्र व्हायचं असेल तर 'मे पोद्रिआ देसिर...', म्हणजे 'मला सांगू शकाल का...'.

मोठ्या शहरांत एक खबरदारी. माद्रिद-बार्सिलोनाच्या गजबजलेल्या रस्त्यांवर देणग्या गोळा करणारे तरुण 'तिएनेस उन मिनूतो?' (एक मिनिट आहे का?) असं म्हणत वाट अडवतात. त्यामुळे 'पेर्दोना, एक मिनिट...' एवढं म्हणून थांबलात तर लोक मान खाली घालून पुढे जातात. त्यांना उद्धट समजू नका, तुम्हीच चुकीची सुरुवात केलीत. 'पेर्दोना' आणि ठिकाणाचं नाव एका दमात म्हणा, लगेच थांबतील.

'ओइगा' आणि 'ओये' हे दोन शब्दही ऐकू येतील. दोन्हींचा अर्थ 'ऐक' किंवा 'ऐका'. आपल्या 'अहो' आणि 'अरे', 'अगं' यांची ही जोडी. 'ओये' आपल्याकडच्या 'ओये'इतका रांगडा नाही, मित्राला बिनदिक्कत म्हणता येतो. 'ओइगा' आदराचा असूनही आवाज चढवून म्हटला तर 'अहो, काय चाललंय!' असा ऐकू येतो, रांगेत घुसणाऱ्याला म्हणतात तसा. नवख्याने तो एकाच प्रसंगी बिनधास्त वापरावा: पुढच्या माणसाच्या खिशातून काही पडलं तर. 'ओइगा, से ले कायो एस्तो!' म्हणजे 'अहो, तुमचं हे पडलं!'

हाक मारायला 'सेन्योर' आणि 'सेन्योरा' सगळीकडे सुरक्षित. 'सेन्योरिता' मेक्सिको-पेरूत काउंटरवरच्या बाईंना सर्रास म्हणतात, स्पेनमध्ये मात्र आता जुनाट आणि काहींना खटकणारं वाटतं.

पायरी 4: गर्दीतून, दारातून, रांगेत

वाट मागायची असेल तर 'कोन पेर्मिसो', म्हणजे 'परवानगीने'. बोलताना नुसतं 'पेर्मिसो' म्हटलं तरी पुरतं. मेक्सिकोत या शब्दाला मोठं मानाचं स्थान आहे. जेवणाच्या टेबलावरून आधी उठताना, दोघे बोलत असताना मधून जाताना, फोन घ्यायला बाजूला होताना 'कोन पेर्मिसो' म्हणतात आणि समोरून 'प्रोपिओ', 'पासे' किंवा 'आदेलान्ते' असं उत्तर येतं. ते उत्तर ऐकून मग निघा. अर्जेंटिनात कुणाच्या घरी गेल्यावर उंबरठ्यातच 'पेर्मिसो' म्हणायची रीत आहे, यजमानांनी दार उघडून 'ये' म्हटलेलं असलं तरी. स्पेनमध्ये बंद दारावर टकटक करून विचारतात, 'से प्वेदे?' म्हणजे 'येऊ का?'

मेट्रोत दाराशी उभ्या माणसाला ढकलण्याआधी विचारा: 'बा आ बाहार?', म्हणजे 'उतरणार का?' माद्रिदमध्ये नुसतं 'बाहास?' किंवा 'सालेस?' असंही म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये 'दादर उतरणार?' म्हणत पुढे सरकलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. मेक्सिकोच्या लहान बसमध्ये मात्र घंटी बिघडलेली असली तर मागून मोठ्याने 'बाहान!' असं ओरडायचं, 'उतरणारे आहेत!' तिथे लाजून पुटपुटलात तर पुढचाच थांबा गाठावा लागेल.

स्पेनच्या मंडईत किंवा सरकारी दवाखान्यात रांग दिसत नाही, लोक बाकांवर पसरून बसलेले असतात. आत शिरून विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?' (शेवटचं कोण?). कुणीतरी हात वर करतो. त्याच्यानंतर तुमचा नंबर, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला हात वर करून सांगणं हे तुमचं काम. क्यूबातही हीच पद्धत आहे. न विचारता थेट काउंटरकडे गेलात तर मगाचचं चढ्या आवाजातलं 'ओइगा!' तुमच्याच वाट्याला येईल.

उपाहारगृहात दुसऱ्यांच्या टेबलाजवळून जाताना मेक्सिकोत अनोळखी लोकांनाही 'प्रोबेचो' म्हणतात, म्हणजे जेवण अंगी लागो. स्पेनमध्ये तेच 'के आप्रोबेचे'. ते 'ग्रासिआस' (धन्यवाद) म्हणतील, तुम्ही पुढे चला.

पायरी 5: वेटरला बोलावणे

ही पायरी नीट शिका, कारण स्पेनमध्येही आणि मेक्सिकोतही बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. न मागता बिल टेबलावर ठेवणं म्हणजे 'आता उठा' असं सुचवणं, म्हणून वेटर वाट बघतो. तुम्हीही वाट बघत बसलात तर रात्र तिथेच जाईल.

चुटकी वाजवू नका. 'शुक शुक' तर अजिबात नको. तिथेही तसा आवाज काढून बोलावणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दलचं मत आपल्याकडे असतं तेच आहे. नजरेला नजर भिडवा, हात थोडा वर करा, आणि मग शब्द.

स्पेनमध्ये: 'पेर्दोना, क्वांदो प्वेदास, ला क्वेंता.' म्हणजे 'जरा बिल, जमेल तेव्हा.' हे 'क्वांदो प्वेदास' फार गुणी आहे. त्यात सभ्यता आहे, आणि वेटरला घाई करत नाही असंही सांगून होतं. एवढं म्हटलं की 'पोर फाबोर' नसलं तरी चालतं. स्पॅनिश माणूस बारमध्ये 'पोन्मे उन काफे' (मला एक कॉफी दे) एवढंच म्हणतो आणि ते कुणाला लागत नाही. ऑर्डर, पाणी, चमचा, बिल या प्रत्येकाला माफी मागत राहिलात तर तेच विचित्र वाटेल.

मेक्सिकोत वेटरला 'होबेन' म्हणजे 'तरुणा' अशी हाक मारतात, आणि तो साठीचा असला तरी 'होबेन'च. वेटरला मेक्सिकोत आणि कोलंबियात 'मेसेरो', अर्जेंटिनात 'मोसो', चिलीत 'गार्सोन', स्पेनमध्ये 'कामारेरो' म्हणतात. पण हाक मारायला हे शब्द वापरण्यापेक्षा 'दिस्कुल्पे' बरं. अर्जेंटिना थोडा अपवाद, तिथे 'मोसो!' अजून ऐकू येतं.

कोलंबियात मागणीची एक गोड तऱ्हा आहे: 'मे रेगाला उन तिन्तो?' शब्दशः 'मला एक तिन्तो भेट द्याल का?' भेट वगैरे काही नाही, पैसे द्यायचेच आहेत. तिन्तो म्हणजे तिथे काळी कॉफी. हेच वाक्य स्पेनमध्ये म्हटलंत तर वेटरला वाटेल तुम्हाला फुकट हवं आहे, आणि वर हवी आहे रेड वाइन.

पायरी 6: धक्का लागला, सांडलं, उशीर झाला

क्षणिक चुकीला 'पेर्दोन', उघडा तळहात किंचित वर. पुरे. कुणाला पाय लागला तर आपला हात आपोआप त्याला स्पर्श करून छातीकडे जातो. तिथे अनोळखी माणसाला असा हात लावला तर तो खिसा चाचपेल, तेव्हा 'पेर्दोन'वरच थांबा.

मुद्दाम केलं नाही हे सांगायला 'फ्वे सिन केरेर' (चुकून झालं). लक्षात आलं नाही म्हणायला 'नो मे दि क्वेन्ता'.

मराठी माणसाने मनापासून प्रेम करावं अशी रचना इथे आहे. 'मी ग्लास फोडला' असं आपण सहसा म्हणत नाही, म्हणतो 'माझ्या हातून ग्लास फुटला'. स्पॅनिशमध्ये अगदी हेच: 'से मे रोम्पिओ'. तसंच 'से मे कायो' म्हणजे माझ्या हातून पडलं, 'से मे ओल्बिदो' म्हणजे माझ्याकडून विसरलं गेलं. इंग्रजीच्या सवयीने 'रोम्पी एल बासो' म्हणजे 'मी ग्लास फोडला' असं म्हटलं तर व्याकरण बरोबर, पण ऐकणाऱ्याला वाटेल रागाने आपटला की काय. या एका ठिकाणी मराठीत विचार करून बोला.

उशिरासाठी 'पेर्दोन पोर येगार तार्दे', म्हणजे 'उशिरा आल्याबद्दल माफ करा'. स्पेनमध्ये 'पेर्दोन पोर एल रेत्रासो' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत उशिराला 'देमोरा' हा शब्द जास्त. मेक्सिकोच्या ग्राहकांशी ईमेलवर काम करणाऱ्यांना 'दिस्कुल्पे ला देमोरा' रोज लागेल. मेक्सिकोचे लोक नुसतं 'ऊना दिस्कुल्पा' असंही लिहितात आणि बोलतात. शब्दशः 'एक माफी', आणि त्यातच वाक्य पूर्ण.

कोलंबियात दुसरंच एक: 'के पेना कोन उस्तेद'. पेना म्हणजे तिथे संकोच, लाज. उशीर झाला तरी हेच, रस्ता विचारायला थांबवलं तरी हेच, एखादी गोष्ट नाकारायची असली तरी हेच. स्पेनमध्ये मात्र 'के पेना' म्हणजे 'अरेरे, वाईट झालं'. बोगोताहून माद्रिदला गेलेला माणूस या शब्दाने हमखास गोंधळ घालतो, आपली काय कथा.

पायरी 7: खरी माफी

नुकसान झालं असेल, कुणी दुखावलं असेल, तर आता 'लो सिएन्तो', किंवा 'लो सिएन्तो मुचो'. त्यापुढे काय झालं ते सांगा, आणि जबाबदारी घ्यायची तर 'फ्वे कुल्पा मिआ', माझी चूक. या कुल्पापासूनच 'दिस्कुल्पे' आला आहे: दोष काढून टाका. माफी 'मागतात' त्यांच्याकडेही: 'पेदिर पेर्दोन', 'पेदिर दिस्कुल्पास'. पेदिर म्हणजे मागणे.

कुणी गेल्याचं कळलं तरी 'लो सिएन्तो मुचो'च म्हणतात. औपचारिक सांत्वन 'मि मास सेन्तिदो पेसामे'. तिथे 'पेर्दोन' म्हटलं तर फार विचित्र वाटेल.

इंग्रजीवरून अंदाजाने बनवलेले शब्द इथे सर्वाधिक घात करतात. ओशाळलो म्हणायला 'एस्तोय एम्बारासादा' म्हणाल तर त्याचा अर्थ 'मी गरोदर आहे'. त्याऐवजी 'के बेर्ग्वेन्सा'. 'आपोलोहिआ' म्हणजे माफी नव्हे, एखाद्या गोष्टीची तरफदारी. 'एस्कूसा' म्हणजे सबब, बहाणा. उशिरा येऊन 'माझी एस्कूसा' असं म्हणणं म्हणजे खोटं बोलतोय हे स्वतःच कबूल करणं.

पायरी 8: ऐकू आलं नाही, आणि उत्तर द्यायचं झालं

'के?' म्हणजे 'काय?' हे तुटक वाटतं. 'पेर्दोन?' किंवा 'कोमो?' म्हणा, आवाज शेवटी वर नेत. मेक्सिकोत घरोघरी मुलांना 'के?'ऐवजी 'मांदे?' म्हणायला शिकवतात. शब्दशः 'आज्ञा करा'. काही मेक्सिकन लोकांना तो लाचार वाटतो, बाकीचे तो सहज वापरतात. परक्याने वापरला तर लोक खूश होतात, पण मेक्सिकोबाहेर तो नेऊ नका. समोरचा फार वेगात बोलत असेल तर 'मास देस्पासिओ, पोर फाबोर'.

कुणी तुमची माफी मागितली तर स्पेनमध्ये एकच उत्तर सगळीकडे चालतं: 'नो पासा नादा', काही झालं नाही. लॅटिन अमेरिकेत 'नो से प्रेओकूपे' (काळजी करू नका) किंवा 'नो आय प्रोब्लेमा'. मित्राला 'त्रांकिलो', मैत्रिणीला 'त्रांकिला'. अर्जेंटिनात 'तोदो बिएन'. उत्तर न देता आपल्यासारखी नुसती मान हलवू नका. आडवी हलली तर तो 'नाही, माफ करणार नाही' असं समजेल आणि पुन्हा पहिल्यापासून माफी मागायला लागेल.